खालिकबारीपासून शब्दकार्डांपर्यंत : हुबळी-धारवाडच्या संदर्भात मुलांच्या फ्रेंच अध्यापनाचा ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना

हुबळी आणि धारवाड ही एकमेकांपासून सुमारे वीस किलोमीटर अंतरावर असलेली दोन शहरे १९६२ मध्ये एकाच महानगरपालिकेत आली. २०११ च्या जनगणनेनुसार या जुळ्या शहराची लोकसंख्या सुमारे ९ लाख ४३ हजार होती. २०१४ पासून अधिकृत लेखनात हुबळीचे नाव हुब्बळ्ळी असे झाले. येथील मुस्लिम कुटुंबातील मूल घरात दखनी उर्दू बोलते, रस्त्यावर व बाजारात कन्नड बोलते, मदरशात अरबी वाचते आणि शाळेत इंग्रजी शिकते. शेजारी मराठी घर असेल तर मराठीही त्याला समजते. अशा मुलापुढे पाचवी किंवा सहावी भाषा म्हणून फ्रेंच येते, तेव्हा ती त्याला कशी शिकवावी, हा प्रश्न वरवर पाहता लहान वाटतो. परंतु त्यामागे भाषाशिक्षणाचा मोठा इतिहास उभा आहे.

आजच्या फ्रेंच वर्गात चित्रकार्डे, शब्दपट्ट्या आणि पत्त्यांसारखे खेळ यांचा वापर रूढ होत आहे. पालकांना व काही शिक्षकांनाही ही केवळ करमणूक वाटते. उलट, काही प्रशिक्षणवर्गांत हीच साधने परदेशातून आलेली अगदी नवी पद्धत म्हणून सांगितली जातात. या दोन्ही समजुती इतिहासाला धरून नाहीत. भाषा शिकविण्यासाठी सुटे, हाताळता येणारे शब्द वापरण्याची कल्पना फ्रान्समध्येच किमान पावणेतीनशे वर्षे जुनी आहे, आणि तिचे दोषही तेव्हापासून दाखविले गेले आहेत. दुसरीकडे, मुलांना परकी शब्दसंपत्ती देण्याची आपल्या मकतबांची स्वतःची परंपरा होती. प्रस्तुत लेखात या दोन प्रवाहांचा, आणि कर्नाटकातील नली-कली या कार्डाधारित प्रयोगाचा आढावा घेऊन, त्यातून फ्रेंचच्या शिक्षकाने काय घ्यावे याचा विचार केला आहे.

धारवाड : भाषांच्या सीमेवरचे शहर

पेशवाईच्या अखेरीनंतर, १८१८ मध्ये, धारवाडचा प्रदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखाली आला आणि पुढे मुंबई इलाख्याचा भाग झाला. इंग्रज अधिकारी या भागाला दक्षिण मराठा मुलूख म्हणत. कचेरीचे बरेचसे दप्तर मराठीत असे, शाळांतूनही मराठीला प्राधान्य होते, आणि बहुसंख्य रयत मात्र कन्नड बोलत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून डेप्युटी चन्नबसप्पा यांच्यासारख्या शिक्षणखात्यातील अधिकाऱ्यांनी कन्नड शाळा व कन्नड शिक्षकांचे प्रशिक्षण यांसाठी मोठे काम केले. १८९० मध्ये धारवाड येथे कर्नाटक विद्यावर्धक संघाची स्थापना झाली. म्हणजे, मूल कोणत्या भाषेत शिकते आणि कोणती भाषा त्याच्यावर लादली जाते, हा वाद या शहराला नवा नाही.

याच शहरात बासेल मिशनचे जर्मन व स्विस मिशनरी १८३७ मध्ये आले आणि त्यांनी कन्नड शिकून शाळा चालविल्या. त्यांच्यापैकी फर्डिनांड किटेल यांचा कन्नड-इंग्रजी शब्दकोश १८९४ मध्ये प्रसिद्ध झाला. मराठी घरात जन्मलेले द. रा. बेंद्रे (१८९६-१९८१) याच धारवाडात वाढले आणि कन्नडचे श्रेष्ठ कवी झाले. १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांना मिळाला. मराठीचे थोर कथाकार जी. ए. कुलकर्णी यांनी येथेच अनेक वर्षे इंग्रजीचे अध्यापन केले. घरची भाषा एक, शिकविण्याची दुसरी आणि लिहिण्याची तिसरी, हे या गावात अपवादात्मक नाही. १९१७ मध्ये कर्नाटक कॉलेज सुरू झाले. १९४९ मध्ये स्थापन झालेले कर्नाटक विद्यापीठ १९५० पासून धारवाडला आहे.

फ्रेंच भाषेचा या प्रदेशाशी पहिला संबंध मात्र शाळेतून आला नाही. टिपू सुलतानच्या सैन्यात फ्रेंच लोक होते, आणि त्याने पाठविलेले वकील १७८८ मध्ये सोळाव्या लुईच्या दरबारात पोहोचले होते. धारवाडचा किल्ला तेव्हा टिपूकडे होता. परशुरामभाऊ पटवर्धनांच्या मराठी फौजेने इंग्रज तुकडीच्या साहाय्याने घातलेल्या दीर्घ वेढ्यानंतर तो १७९१ मध्ये पडला. त्या काळात हिंदुस्थानातील राजदरबारांचा पत्रव्यवहार मुख्यतः फार्सीतून होई आणि फ्रेंचांशी बोलणे दुभाष्यांमार्फत चाले. फ्रेंच ही मुलांनी शिकावयाची भाषा नव्हती.

शाळेतील फ्रेंच पश्चिम किनाऱ्यावर आली ती दोन वाटांनी. गोव्यात पणजीच्या लिसेवमध्ये, म्हणजे १८५४ मध्ये सुरू झालेल्या पोर्तुगीज माध्यमिक विद्यालयात, पोर्तुगीज अभ्यासक्रमाचा भाग म्हणून फ्रेंच शिकविली जात असे. मुंबईत ती शाळा-महाविद्यालयांतील ऐच्छिक भाषा म्हणून रुळली, आणि १९३८ मध्ये तेथे आलियाँस फ्रांसेझची शाखा निघाली. बंगळूरची शाखा १९७९ ची आहे. कर्नाटकच्या पदवीपूर्व परीक्षेत कन्नड, उर्दू, अरबी, मराठी, संस्कृत या भाषांच्या यादीत फ्रेंचचाही समावेश आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर शिकविता येण्याजोग्या परकीय भाषांत तिचे नाव घेतले आहे. शहरी, फी भरणाऱ्या शाळांत ही भाषा अधिक आहे. त्यामुळे फ्रेंच म्हणजे श्रीमंतांची भाषा, असा समज आपल्या वस्त्यांत रुजला आहे. तो दूर करावयाचा तर अध्यापनाचे साधन स्वस्त आणि शिक्षकाच्या हाती असणारे हवे. पुठ्ठा, कात्री आणि दोन रंगांची शाई एवढ्यावर भागणारे कार्ड हे असे साधन आहे.

मकतबातील शब्दसंग्रह : पद्याचा मार्ग

परकी भाषेचे शब्द मुलांना कसे द्यावेत, या प्रश्नाला इस्लामी शिक्षणपरंपरेने फार पूर्वी उत्तर दिले होते. तेराव्या शतकातील अबू नस्र फराही यांचा ‘निसाबुस्सिब्यान’ हा ग्रंथ अरबी शब्दांचे फार्सी अर्थ पद्यात देतो. ‘सिब्यान’ म्हणजे मुले. म्हणजे हा ग्रंथ मुद्दाम बालकांसाठी रचला गेला होता. हिंदुस्थानात याच धर्तीवर ‘खालिकबारी’ रचली गेली. अरबी-फार्सी शब्दापुढे हिंदवी प्रतिशब्द, आणि सर्व काही छंदात. परंपरेने ती अमीर खुसरो यांची मानली जाते. विसाव्या शतकात हाफिज महमूद शेरानी यांनी ती नंतरच्या काळातील झियाउद्दीन खुसरो यांची असल्याचे मत मांडले. कर्ता कोणीही असो, पिढ्यान्‌पिढ्या उत्तर हिंदुस्थानातील व दख्खनमधील मुलांनी शब्दसंग्रह मिळविला तो अशा पद्यकोशांतून. क्रियापदांच्या रूपांसाठी ‘आमदनामा’ होता. त्यात फार्सी धातूंची रूपे ओळीने म्हणून पाठ केली जात.

ही रीत केवळ मुस्लिम समाजाची नव्हती. पाठशाळेत अमरकोश असाच पाठ होत असे. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंत हणमंते यांच्या देखरेखीखाली झालेला राज्यव्यवहारकोशही फार्सी राजकीय शब्दांचे संस्कृत पर्याय पद्यातच देतो. छापील पुस्तके दुर्मीळ असताना पद्य हे सर्वांत स्वस्त साठवण होते. मुलाला वही लागत नसे, दिवा लागत नसे. त्याच्या स्मरणातच कोश राही.

पण पद्याची एक मर्यादा होती, आणि पुढील विवेचनासाठी ती महत्त्वाची आहे. पद्यात प्रत्येक शब्दाची जागा ठरलेली असते. मधला एक शब्द हवा असेल तर मूल बहुधा ओळीच्या सुरुवातीपासून म्हणत जाते आणि त्या शब्दाशी थांबते. शब्द आठवतो तो मागच्या शब्दाच्या आधाराने, वस्तूच्या किंवा गरजेच्या आधाराने नव्हे. पाणी मागावयाचे असताना चरण म्हणत बसता येत नाही. पाठांतराने शब्द जपून राहतो, परंतु वापरासाठी त्याला ओळीतून सोडवावे लागते. कार्डाचा सगळा उपयोग या एका गोष्टीत आहे. कार्डे पिसता येतात.

पत्त्यांचा मार्ग : गंजिफा, राजपुत्र आणि छपाईची पेटी

पिसता येणारे ज्ञान ही कल्पनाही पूर्वेला अपरिचित नव्हती. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठविल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. अबुल फझल यांच्या आईन-ए-अकबरीतही या खेळाचे वर्णन येते. मोगल गंजिफात ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात व किमाश असे आठ रंग आणि प्रत्येकी बारा, म्हणजे ९६ पत्ते असत. दशावतारी गंजिफात दहा रंगांचे १२० पत्ते असतात, आणि सावंतवाडीत ती कला आजही जिवंत आहे. म्हैसूरच्या मुम्मडी कृष्णराज वडेयरांच्या ‘श्रीतत्त्वनिधी’ ग्रंथाचा एक भाग अशा खेळांविषयी आहे. दशावतारी गंजिफा खेळणाऱ्याला अवतारांची नावे, क्रम व आयुधे आपोआप पाठ होत. तथापि गंजिफाचा उपयोग मकतबात भाषा शिकविण्यासाठी झाला नाही. तो खेळ बैठकीत राहिला आणि पाठांतर वर्गात.

युरोपात या दोन गोष्टी एकत्र आल्या त्या प्रामुख्याने फ्रान्समध्ये. १६४४ मध्ये कार्डिनल माझारँ याच्या सांगण्यावरून कवी देमारे आणि फ्लॉरेन्सचा कोरीवकाम करणारा कलावंत स्तेफानो देल्ला बेल्ला यांनी बालराजा चौदाव्या लुईसाठी शिक्षणाचे चार पत्त्यांचे संच तयार केले. लुई तेव्हा सहा वर्षांच्या आतबाहेर होता. एका संचात फ्रान्सचे राजे, दुसऱ्यात प्रसिद्ध राण्या, तिसऱ्यात भूगोल आणि चौथ्यात पुराणकथा होत्या. प्रत्येक पत्त्यावर चित्र व खाली थोडका मजकूर असे. येथे कार्ड आहे, पण ते एका राजपुत्रासाठी, आणि मजकूर वाचून घेण्यासाठी.

खरा बदल घडविला तो लुई द्युमा या शिक्षकाने. १७३३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने ‘ब्युरो तिपोग्राफिक’, म्हणजे मुद्रकाच्या खिळ्यांच्या पेटीसारख्या कप्प्यांच्या मेजाचे वर्णन केले. प्रत्येक कप्प्यात एका ध्वनीची कार्डे. मूल उभे राहून कप्प्यांतून कार्डे उचलते आणि मेजावर शब्द जुळविते. त्या काळी खेळाच्या पत्त्यांची मागची बाजू कोरी असे, म्हणून तीच अक्षरे लिहिण्यास वापरली जात. द्युमाने दोन गोष्टी ओळखल्या होत्या. पहिली, फ्रेंचमध्ये लिखित अक्षर आणि उच्चारित ध्वनी यांत अंतर आहे, म्हणून मुलाला आधी ध्वनी द्यावा. दुसरी, मूल हात-पाय हलविताना अधिक शिकते. कांदियाक नावाच्या बालकाने या पद्धतीने लहान वयात केलेल्या प्रगतीची फ्रान्समध्ये मोठी चर्चा झाली. तो सातव्या वर्षीच वारला.

या पद्धतीवरील सर्वांत मार्मिक टीका रुसोची आहे. १७६२ च्या ‘एमिल’ ग्रंथात तो म्हणतो त्याचा आशय असा, की वाचन शिकविण्यासाठी लोकांनी मेजे काढली, कार्डे काढली, मुलाच्या खोलीचा छापखाना केला, आणि सर्वांत खात्रीचे साधन विसरले. ते साधन म्हणजे शिकण्याची इच्छा. त्याच्या एमिलला कधी जेवणाच्या, कधी फिरायला जाण्याच्या निमंत्रणाच्या चिठ्ठ्या येतात. त्या वाचून दाखविणारे कोणी जवळ नसते आणि संधी हुकते. म्हणून तो वाचू लागतो. येथे रुसो चिठ्ठी, म्हणजे एक प्रकारचे कार्डच वापरतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याचा आक्षेप कागदाला नव्हता. ज्या कागदाची मुलाला गरज नाही, त्याला होता.

एकोणिसावे व विसावे शतक : भाषांतर, प्रत्यक्ष पद्धती आणि मोजलेले शब्द

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्याच्या शाळांत परकी भाषा शिकविण्याची रूढ रीत व्याकरण व भाषांतराची होती. रा. गो. भांडारकरांची संस्कृत मार्गोपदेशिका आणि तर्खडकरांची इंग्रजी भाषांतर पाठमाला ही या रीतीची उत्तम फळे होत. नियम, शब्दांची यादी, दोन्हीकडून भाषांतराची वाक्ये. त्यांनी पिढ्या घडविल्या हे मान्य केले पाहिजे. पण भाषा बोलण्यासाठी शिकावी, हा त्यांचा हेतू नव्हता.

याच सुमारास युरोप-अमेरिकेत मातृभाषेचा आधार न घेता शिकविण्याच्या प्रत्यक्ष पद्धतीने जोर धरला. बर्लिट्झ यांची पहिली शाळा १८७८ ची, फ्रांस्वा ग्वँ यांचा ग्रंथ १८८० चा. १९०१-०२ मध्ये फ्रान्सच्या सरकारने माध्यमिक शाळांतील परकी भाषांसाठी ही पद्धत अधिकृत केली. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात नोकरीस असलेले, आणि पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेले पी. सी. रेन यांनीही हिंदी शाळांत इंग्रजी प्रत्यक्ष पद्धतीने शिकविण्याचा पुरस्कार केला. चित्र, वस्तू, कृती यांना वर्गात स्थान मिळाले ते या चळवळीमुळे.

दुसरा महत्त्वाचा टप्पा म्हणजे शब्दांची निवड. १९५० च्या दशकात जॉर्ज गुगनाइम यांच्या नेतृत्वाखाली फ्रेंच संशोधकांनी सामान्य लोकांची बोलणी ध्वनिमुद्रित करून कोणते शब्द किती वेळा येतात ते मोजले. यातून सुमारे दीड हजार शब्दांची ‘मूलभूत फ्रेंच’ची पहिली यादी निघाली. मोजणीत एक मौज आढळली. ‘काटा-चमचा’ यांसारखे अगदी घरगुती शब्द संभाषणात क्वचित येत होते. प्रत्येकाला ते माहीत असतात, पण विषय निघाल्याखेरीज बोलले जात नाहीत. म्हणून संशोधकांनी शाळकरी मुलांना स्वयंपाकघर, कपडे, शाळा असे विषय देऊन सुचतील ते शब्द लिहावयास सांगितले आणि त्यांना ‘उपलब्ध’ शब्द असे नाव दिले. आज फ्रेंच वर्गातील कार्डांचे संच भाजी, कपडे, शरीराचे अवयव अशा विषयांनी बांधलेले असतात, त्यामागे हाच विचार आहे. पुढे १९६० च्या दशकात चित्रफिती व ध्वनिफिती यांच्या साहाय्याने शिकविण्याची पद्धत आली, आणि १९७८ मध्ये कारे व देबिझेर यांच्या ग्रंथाने फ्रेंच वर्गातील खेळाला सैद्धान्तिक प्रतिष्ठा दिली.

स्मरणाच्या बाजूनेही काम झाले. एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाचा वेग मोजला. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये कार्डांची पेटी सुचविली. पेटीत कप्पे असतात. उत्तर बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात जाते आणि अधिक दिवसांनी पुन्हा विचारले जाते. चुकले की पहिल्या कप्प्यात परत येते. बुटाच्या रिकाम्या खोक्यात पुठ्ठ्याचे पडदे घालून ही पेटी कोणत्याही शाळेत करता येते.

नली-कली : कर्नाटकाचा स्वतःचा धडा

हुबळी-धारवाडच्या शिक्षकाला कार्डांची पद्धत पाहण्यासाठी पॅरिसला जाण्याची आवश्यकता नाही. आंध्र प्रदेशातील ऋषी व्हॅली येथे एकशिक्षकी, बहुवर्ग ग्रामीण शाळांसाठी पाठ्यपुस्तकाऐवजी कार्डांचे संच व ‘शिक्षणशिडी’ यांवर आधारलेली पद्धत विकसित झाली होती. ती पाहून आलेल्या शिक्षकांच्या सहभागाने १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, युनिसेफच्या साहाय्याने, ‘नली-कली’ म्हणजे आनंदाने शिकणे हा उपक्रम सुरू झाला. २००९-१० पासून तो राज्यभरातील सरकारी प्राथमिक शाळांच्या खालच्या वर्गांत लागू करण्यात आला. पुढे उर्दू माध्यमाच्या शाळांसाठीही तसे साहित्य तयार झाले.

नली-कलीत पाठ लहान टप्प्यांत मोडलेला असतो. प्रत्येक कार्डावर चिन्ह असते. शिडीवरील चिन्ह पाहून मूल स्वतः आपले कार्ड शोधते. काही मुले पूर्णपणे शिक्षकाच्या मदतीने, काही सोबत्यांच्या मदतीने, तर काही एकटी काम करतात, आणि त्याप्रमाणे बसण्याचे गट असतात. मूल आजारी पडून आठ दिवसांनी आले तरी जेथे थांबले तेथून पुढे जाते. स्थलांतर करणाऱ्या मजुरांच्या मुलांसाठी हा फार मोठा लाभ आहे.

या पद्धतीत जोखीमही आहे. कार्डे फाटतात, हरवतात. नवा संच वेळेवर आला नाही तर शिडीच तुटते. शिक्षकाची शक्ती नोंदी ठेवण्यातच खर्ची पडू शकते. आणि जेथे कार्ड करून संपविणे हेच ध्येय होते, तेथे पाठांतराची जागा नुसती कार्ड उलटण्याने घेतली जाते. रुसोने द्युमाच्या मेजाविषयी जे म्हटले होते, ते येथेही लागू पडते.

फ्रेंच वर्गासाठी निष्पन्न : चार कृती

या इतिहासाच्या आधारे लहान मुलांच्या फ्रेंच वर्गातील चार कृतींचा विचार करता येईल.

पहिली कृती लिंगाची. फ्रेंच नामाला पुल्लिंग व स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत. कन्नडमध्ये निर्जीव वस्तू साधारणतः नपुंसकलिंगी असतात, मराठीत तीन लिंगे आहेत, आणि उर्दूत फ्रेंचप्रमाणे दोन. म्हणून वस्तूला लिंग असते ही कल्पना उर्दू बोलणाऱ्या मुलाला समजावून सांगावी लागत नाही. अडचण वेगळीच आहे. खुर्ची, मेज, खिडकी हे शब्द उर्दूतही स्त्रीलिंगी आणि फ्रेंचमध्येही : ला शेझ, ला ताब्ल, ला फनेत्र. पण किताब स्त्रीलिंगी, तर ल लीव्र पुल्लिंगी. घर, दरवाजा, चाँद पुल्लिंगी, तर ला मेझाँ, ला पोर्त, ला ल्यून स्त्रीलिंगी. शिक्षकाने कार्डांचे दोन ढीग आधीच करावेत : घरच्या भाषेशी जुळणारे आणि न जुळणारे. सराव दुसऱ्या ढिगाचा अधिक हवा. कार्डावर दोन लिंगांसाठी दोन रंग ठेवावेत आणि नाम कधीही एकटे लिहू नये, उपपदासह लिहावे. स्वराने सुरू होणाऱ्या नामापुढे ‘ल’ व ‘ला’ दोन्ही आखूड होऊन लिंग झाकले जाते. तेथे अनिश्चित उपपद लिहावे : अँन् आर्ब्र म्हणजे झाड, यून एकोल म्हणजे शाळा.

दुसरी कृती कुटुंबाची. फ्रान्समध्ये ‘सात कुटुंबे’ हा मुलांचा जुना पत्त्यांचा खेळ आहे. सात कुटुंबांत प्रत्येकी आजोबा, आजी, वडील, आई, मुलगा, मुलगी असे ४२ पत्ते असतात. हवे ते पान मागण्यासाठी कुटुंबाचे नाव घेऊन, विनयाने, पूर्ण वाक्यात मागावे लागते. येथे कार्ड बोलल्याशिवाय मिळत नाही, हे या खेळाचे मर्म आहे. शिवाय नात्यांची तुलना वर्गात रंग भरते. चचा, मामू, फूफा, खालू या सर्वांना फ्रेंचमध्ये ओंक्ल हा एकच शब्द पुरतो. काका, मामा यांत भेद करणारी मराठी आणि कन्नड मुलेही येथे सारखीच आश्चर्यचकित होतात. आपल्या भाषेत जे अधिक आहे ते मुलाला प्रथमच दिसते.

तिसरी कृती वाक्याची. मराठी, उर्दू व कन्नड या तिन्ही भाषांत क्रियापद शेवटी येते. फ्रेंचमध्ये ते कर्त्यानंतर लगेच येते. तीन मुलांनी तीन कार्डे हातात धरून ओळीत उभे राहावे, आणि क्रियापदाच्या मुलाने शेवटून मधे चालत यावे. नकारार्थी वाक्यात ‘न’ व ‘पा’ ही दोन कार्डे क्रियापदाच्या दोन्ही बाजूंना येतात. विशेषण बहुधा नामानंतर येते आणि नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते. काला-काली, काळा-काळी म्हणणाऱ्या मुलाला बदल ओळखीचा आहे, फक्त जागा नवी आहे. कन्नड माध्यमाच्या मुलाला दोन्ही गोष्टी नव्या आहेत, म्हणून त्याला एक पायरी अधिक द्यावी. बोलण्याच्या क्रियापदाची झ पार्ल, त्यू पार्ल, इल पार्ल ही रूपे कानाला एकच वाटतात, लिहिताना मात्र ‘त्यू’चे रूप वेगळे होते. द्युमाने दाखविलेले ध्वनी व अक्षर यांतील अंतर ते हेच. म्हणून प्रथम ऐकण्याचे चित्रकार्ड आणि काही दिवसांनी लिहिण्याचे शब्दकार्ड, हा क्रम पाळावा. ‘त्यू’ आणि ‘वू’ यांतील भेद तुम-आप, तू-आपण, नीनु-नीवु यांच्या आधाराने एका मिनिटात स्पष्ट होतो. इंग्रजीचा आधार घेतल्यास तोच अवघड होतो.

चौथी कृती चिठ्ठीची. रुसोच्या निमंत्रणाप्रमाणे प्रत्येक मुलासाठी वर्गात एक फ्रेंच चिठ्ठी ठेवावी : कपाट उघड, तांबडा चेंडू घे, मैत्रिणीला दे. चिठ्ठी वाचता आली तर खेळात भाग मिळतो. परीक्षेच्या गुणांपेक्षा ही गरज मुलाला अधिक खरी वाटते.

एक सामाजिक बाबही नोंदविली पाहिजे. अनेक मुस्लिम घरांत ताश हा शब्द जुगाराशी जोडलेला असल्याने पत्ते म्हटले की नाखुशी व्यक्त होते. ती समजून घ्यावी. बदाम, इस्पिक, चौकट, किलवर यांची चिन्हे, पैज किंवा हार-जीत यांची कोणतीही गरज वरील कृतींना नाही. शब्दपट्टी किंवा चित्रकार्ड असे म्हणून, पालकांना एकदा वर्गात बोलावून कृती दाखविल्यास गैरसमज राहत नाही.

निष्कर्ष

खालिकबारी, द्युमाचे मेज आणि नली-कलीची शिडी या तीन टप्प्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. पद्याने शब्द टिकविला, कार्डाने तो मोकळा केला, पण दोहोंपैकी कशानेही तो आपोआप मुलाच्या तोंडी आला नाही. तो आला तेथे, जेथे बोलल्याशिवाय काही मिळत नव्हते. म्हणून कार्डाची कसोटी त्याच्या रंगात किंवा छपाईत नसून, ते हातात घेतल्यावर मुलाला काही बोलावे लागते की नाही, यात आहे. पाठांतरही टाकून देण्याची गरज नाही. कुराणपठणाने तयार झालेली स्मरणशक्ती आणि परक्या ध्वनींना सरावलेली जीभ ही आपल्या मुलांची जमेची बाजू आहे. उच्चाराच्या सरावात तिचा उपयोग करून घ्यावा.

दुसरा निष्कर्ष घरच्या भाषेविषयीचा आहे. दखनीत ‘किताबाँ’, ‘लोगाँ’ म्हणणाऱ्या, ‘बोलके’ लावून वाक्य जोडणाऱ्या मुलाला शाळेत अनेकदा अशुद्ध बोलणारा ठरविले जाते. परंतु ‘बोलके’सारखी रूपे म्हणजे उर्दू आणि द्राविडी भाषा शतकानुशतके एकत्र नांदल्याच्या खुणा आहेत. जे मूल रोज तीन व्याकरणांतून ये-जा करते, त्याला चौथे व्याकरण परके नाही. फ्रेंचची कार्डे इंग्रजीतून भाषांतरित करून आणण्याऐवजी ती या मुलाच्या उर्दू, कन्नड व मराठीशी ताडून शिक्षकांनी स्वतः तयार करावीत. प्रशिक्षण वर्गांतून आणि महाविद्यालयांतील भाषाविभागांतून असे संच तयार होऊ लागले, तर फ्रेंच ही मोजक्या शाळांची मिरास न राहता वस्तीतील साध्या शाळेलाही परवडेल. त्यासाठी लागणारे भांडवल पुठ्ठ्याचे आहे. बाकीचे भांडवल मुले घरूनच घेऊन येतात.